पाच डोळे, आठ वायरी

ऐरोलीला आमच्या सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये टेबल टेनिसचं एक टेबल आहे. त्यावर टेबल टेनिस सोडून बाकी सगळं चालतं. गेल्या पावसाळ्यापासून आठवी-नववीतली पाच मुलं त्यावर पांढऱ्या कार्डशीट अंथरून, काळ्या इन्सुलेशन टेपची वळणावळणाची रेघ चिकटवून लाइन फॉलोअर, म्हणजे रेघ बघत आपोआप चालणारा रोबो पळवतात. माझा भाचा त्यातलाच. मी बावीस वर्षं रबाळ्याच्या एमआयडीसीत कंट्रोल पॅनेलची वायरिंग केली आहे. प्रोग्रॅमिंग मला फारसं येत नाही, पण वायर कुठे फसवते ते कळतं. म्हणून एका संध्याकाळी बोलावणं आलं : "मावशी, तू जरा खाली येतेस का? रोबो मरतोय."

रोबो सरळ रेघेवर नीट जायचा, डाव्या वळणावरही नीट. उजवं वळण आलं की थेट टेबलावरून खाली. मुलांचं निदान ठरलेलं होतं, उजवी मोटर गेली. नव्या मोटरसाठी वर्गणीची यादीसुद्धा तयार होती. मी म्हटलं, आधी रोबोच्या पोटाखालच्या, रेघ बघणाऱ्या पाचही सेन्सरचे आकडे दाखवा. लॅपटॉपवर पाच रकाने धावायला लागले. एक मुलगी म्हणाली, "बघा मावशी, सगळे हलतायत. सेन्सर ओके आहेत."

मी रोबो हवेत उचलून धरायला सांगितला. खाली काहीच नाही, त्यामुळे पाचही आकडे हजाराच्या आसपास गेले. मग एकेका सेन्सरखाली बोट धरलं. पहिला पडला, दुसरा पडला. तिसऱ्याखाली बोट धरलं तर तिसरा पडला आणि त्याच्याबरोबर चौथाही पडला. चौथ्याखाली बोट नेलं तर काहीच नाही.

चौथ्याची वायर आतून तुटली होती. वरचं प्लास्टिक शाबूत, तांबं तुटलेलं. मग त्याचा आकडा हलत कसा होता? आमच्या रोबोचा मेंदू म्हणजे आर्डुइनो ऊनो नावाचा छोटा बोर्ड. ऊनोच्या चिपमध्ये आकडा मोजणारं यंत्र एकच असतं. ते ए०, ए१, ए२ असं एकेका पिनेला जोडलं जातं आणि पिनेवरचं व्होल्टेज आतल्या एका इवल्याशा कपॅसिटरमध्ये भरून मोजतं. पुढच्या पिनेला काहीच जोडलेलं नसेल, तर त्या कपॅसिटरमध्ये मागच्या पिनेचा चार्ज तसाच राहतो आणि तोच पुन्हा मोजला जातो. म्हणजे चौथा सेन्सर वर्गात नव्हताच, तिसरा त्याची प्रॉक्सी लावत होता. मुलांना हे जे कळलं ते कायमचं. त्या दिवसापासून बोट धरून तपासण्याला आमच्याकडे 'हजेरी' म्हणतात. या लेखात पुढे जिथे जिथे हजेरी म्हणेन, तिथे हाच अर्थ घ्यायचा.

सेन्सर कोणता

जुन्या प्रोजेक्टच्या पुस्तकांत एलडीआर असतो. वर नागमोडी रेघ असलेली ती गोल टिकली. उजेड पडला की तिचा रेझिस्टन्स कमी होतो, अंधारात लाखो ओहम, ट्यूबलाइटखाली काही हजार. समजायला सोपी, पण लाइन फॉलोअरला कामाची नाही, कारण ती आळशी आहे. उजेड बदलल्यावर तिला जागं व्हायला दहा-वीस मिलिसेकंद सहज लागतात. तुमचा रोबो सेकंदाला ५० सेंटिमीटर पळत असेल, तर २० मिलिसेकंदांत तो १ सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. रेघ संपल्याची बातमी रेघ संपल्यावर येते. काही स्पर्धांत समोरचा दिवा लागला की रोबोने निघायचं असतं. तिथे मात्र एलडीआर आणि १० के (दहा हजार ओहमचा) रेझिस्टर लावा खुशाल, तिथे एवढी घाई नसते.

रेघेसाठी आम्ही टीसीआरटी ५००० वापरतो. साधारण १० मिलिमीटर लांब, ६ रुंद आणि ७ उंच असा प्लास्टिकचा ठोकळा, त्यात शेजारी शेजारी दोन भिंगं. निळसर दिसतो तो इन्फ्रारेड एलईडी, ९५० नॅनोमीटरचा, डोळ्याला न दिसणारा. काळा दिसतो तो फोटोट्रान्झिस्टर. तो काळा असतो कारण साधा दिसणारा उजेड त्याला आत येऊ द्यायचा नाही. एलईडीचा प्रकाश जमिनीवर आपटून परत आला की ट्रान्झिस्टरमधून करंट वाहतो. पांढऱ्यावरून भरपूर परत येतो, काळ्यावरून नावाला. जमिनीपासून अडीच-तीन मिलिमीटरवर हा सगळ्यात चांगला पाहतो. १५ मिलिमीटरच्या पुढे त्याला काही विचारू नका.

याचंच तयार मॉड्यूल मिळतं, त्यावर एलएम३९३ ही दोन व्होल्टेजची तुलना करणारी चिप आणि एक निळा प्रीसेट (स्क्रूने फिरवायचा रेझिस्टर) असतो. शिकायला छान. प्रीसेट फिरवायचा, काळं-पांढरं बदललं की छोटा दिवा लागतो-विझतो. पण त्यातून 'हो' किंवा 'नाही' एवढंच बाहेर येतं. रेघ अर्धी सेन्सरखाली आहे की पाव, हे कळत नाही. वर रोबोच्या थरथरीने प्रीसेट सरकतो. पॅनेलमध्ये आम्ही सेट केलेल्या स्क्रूवर रंगाचा ठिपका देतो. मुलांनी घरून नेलपॉलिश आणली, तीही चालते. मॉड्यूलच वापरणार असाल तर निदान 'एओ' (अॅनालॉग आउटपुट) लिहिलेल्या पिनेवरून वायर घ्या, 'डीओ'वरून (डिजिटल, नुसतं हो-नाही) नको.

सामान आणायला आम्ही मुंबईत लॅमिंग्टन रोडला, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेलो. ऐरोलीहून ठाणे, ठाण्याहून दादर, दादरला वेस्टर्न पकडून ग्रँट रोड. पाच मुलं आणि मी, रविवारी नको कारण बरीच दुकानं बंद, म्हणून शनिवारी. ऑनलाइनही सगळं मिळतं. पण काउंटरवर उभं राहून "दहा टीसीआरटी, टू-ट्वेंटी ओहम पाव वॉट, टेन के, एक झिरो पीसीबी" असं स्वतःच्या तोंडाने मागितलं की पार्ट कायमचा ओळखीचा होतो. पाच लागत असतील तर आठ घ्या. तीन जळणार आहेत असं समजून चाला.

एका डोळ्याचं सर्किट

एलईडीच्या बाजूला : ५ व्होल्टवरून २२० ओहमचा रेझिस्टर, तिथून एलईडीचा प्लस पाय, मायनस पाय ग्राउंडला. या एलईडीवर साधारण सव्वा व्होल्ट पडतात, उरलेले पावणेचार व्होल्ट २२० ओहमवर. भागाकार केला की १७ मिलिअँपिअर येतात. पाच एलईडींचे मिळून ८५. रेझिस्टर न लावता एलईडी थेट ५ व्होल्टला लावला तर तो जातो, आणि गेल्याचं दिसतही नाही, कारण तो चालू असतानाही कुठे दिसत होता? मोबाइलचा पुढचा कॅमेरा चालू करून सेन्सरकडे धरा. बऱ्याच फोनमध्ये तो जांभळट ठिपका दाखवतो. मागच्या कॅमेऱ्यात बहुतेक वेळा फिल्टर असतो, त्यात नाही दिसला म्हणून घाबरू नका.

ट्रान्झिस्टरच्या बाजूला : ५ व्होल्टवरून १० के रेझिस्टर, तिथून ट्रान्झिस्टरचा कलेक्टर पाय, एमिटर पाय ग्राउंडला. सिग्नलची वायर रेझिस्टर आणि कलेक्टर भेटतात त्या सांध्यावरून निघते आणि आर्डुइनोच्या अॅनालॉग पिनेला जाते. पांढरं आलं की करंट वाहतो आणि सांध्यावरचं व्होल्टेज खाली पडतं. काळं आलं की ते वर राहतं. म्हणजे आकडा उलटा वाचायचा : पांढऱ्यावर लहान, काळ्यावर मोठा. ऊनो शून्य ते ५ व्होल्टचा आकडा शून्य ते १०२३ असा देतो. त्यात आमचं टेबल पांढऱ्यावर ३५ ते ६० दाखवतं आणि टेपवर ६८० ते ७६०. तुमचे आकडे वेगळे येतील, दोन्हींत अंतर भरपूर असलं म्हणजे झालं.

पाय कुठला कुठला ते भिंगाच्या रंगावरून अर्धं कळतं. उरलेलं मल्टीमीटरच्या डायोड मोडवर बघा. एलईडी सुलट्या बाजूने एक-सव्वा व्होल्ट दाखवतो, उलट्या बाजूने काही नाही. फोटोट्रान्झिस्टर उलटा लागला तर लगेच जळत नाही, आणि तीच पंचाईत आहे. आकडा थोडासाच हलतो आणि आपण सेन्सरला नावं ठेवत बसतो.

हे एक सर्किट आधी ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता पार्ट खोचायच्या बोर्डवर) करा. एकच. कागदाचा पांढरा तुकडा आणि टेपचा तुकडा त्याच्यापुढे धरून आकडे वहीत लिहा. ते पटले की मग झिरो पीसीबीकडे (सोल्डर करायच्या भोकाभोकांच्या कोऱ्या बोर्डकडे) जा. आमच्या मुलांनी पाचही एकदम सोल्डर केले होते, त्यातले दोन उलटे निघाले. ते काढताना तांब्याच्या चकत्या उखडल्या आणि पट्टी फेकून द्यावी लागली.

पाच डोळ्यांची पट्टी

दोन सेन्सरमधलं अंतर रेघेच्या रुंदीवरून ठरवायचं, हाताला येईल तसं नाही. अंतर रेघेपेक्षा जास्त असेल तर रेघ दोघांच्या मधे लपते आणि रोबोला वाटतं आपण पांढऱ्यावर आहोत. आमच्या स्पर्धेच्या नियमावलीत रेघ ३ सेंटिमीटरची होती, म्हणून सेन्सर २ सेंटिमीटरवर ठेवले. अशा वेळी रेघेवर कधी एक सेन्सर येतो, कधी शेजारचे दोन, शून्य कधीच नाही. नुसतं काळं-पांढरं धरलं तरी पाच एकटे आणि चार जोड्या मिळून नऊ जागा कळतात. झिरो पीसीबीची भोकं २.५४ मिलिमीटरवर असतात. आठ भोकं मोजली की २० मिलिमीटरला जेमतेम बसतं. पट्टीवर आधी पेन्सिलने खुणा करा.

सेन्सर सोल्डर करताना पाचही एका उंचीवर हवेत. पट्टी उलटी करून टेबलावर ठेवायची, सेन्सरची तोंडं टेबलाला टेकलेली, आणि प्रत्येकाचा एकच पाय आधी डागायचा. मग डोळ्याच्या रेषेत धरून बघायचं. वाकडा असेल तो पुन्हा गरम करून सरळ करायचा. सगळे एका ओळीत आले की उरलेले पाय. २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न पुरतं. सोल्डर चमकदार आणि डोंगरासारखा उतरता दिसला तर ठीक, मळकट गोळी बसली असेल तर तो ड्राय सोल्डर. तो टेबलावर चालतो आणि स्पर्धेत दगा देतो.

पट्टीवरच ५ व्होल्ट आणि ग्राउंडच्या मधे १०० एमएफडीचा (मायक्रोफॅरडचा) एक कपॅसिटर आणि त्याच्या शेजारी १०४ नंबरचा छोटा डिस्क कपॅसिटर लावून टाका. मोठ्याचा पट्टा असलेला पाय ग्राउंडला. मोटरच्या दोन टोकांवरही थेट एकेक १०४ डागा. ब्रशच्या ठिणग्यांचा गोंगाट जिथे जन्मतो तिथेच मारलेला बरा.

वायरी

इथे मी थोडी जास्त बोलणार आहे, कारण हे माझं काम.

पट्टीवरून आठ वायरी निघतात : ५ व्होल्ट, ग्राउंड, पाच सिग्नल, आणि आठवी एलईडी चालू-बंद करायची (तिचं पुढे सांगते). मुलं यासाठी रंगीत जंपर वायरी वापरतात. ब्रेडबोर्डवर त्या ठीक आहेत, पळणाऱ्या रोबोवर नाहीत. त्यांची टोकं नुसती घासून धरलेली असतात, धक्क्याने सुटतात. आमच्याकडे खाडी जवळ आहे, दमट खारी हवा. पावसाळ्यात त्या पिना काळवंडतात आणि चार महिन्यांत त्यातून आकडा नाचायला लागतो.

आठ तारांची रंगीत रिबन केबल घ्या. पट्टीच्या बाजूला आठ पिनांचा रिलिमेट (खाचेत अडकणारा) कनेक्टर लावा. तो एकाच दिशेने बसतो आणि सहजासहजी निसटत नाही, त्यामुळे घाईत उलटा लावायची सोय राहत नाही. आर्डुइनोच्या बाजूला वायरी बर्ग स्ट्रिपच्या (एका रांगेत पिना असलेल्या पट्टीच्या) पिनांवर सोल्डर करा, प्रत्येक सांध्यावर हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळणारी नळी) चढवा, आणि ती अख्खी स्ट्रिप एकदम खोचा. सुट्या सुट्या वायरी खोचायच्या नाहीत.

आता नंबर. पॅनेलमध्ये प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना एकाच नंबरचं फेरूल (नंबर छापलेली छोटी नळी) असतं. शंभर वायरींचं पॅनेल असो की पाच, नंबर नसलेली वायर आमचा इन्स्पेक्टर कापून टाकायचा. रिबनवर फेरूल सैल होतं, म्हणून पांढऱ्या हीट श्रिंकचे तुकडे घ्या आणि गरम करण्याआधी त्यावर परमनंट मार्करने लिहा. डावीकडचा सेन्सर १, त्याच्या दोन्ही टोकांना १, आणि प्रोग्रॅममध्येही त्याचं नाव १. आमच्या मुलांनी पहिल्यांदा पट्टी समोरून बघून नंबर घातले होते आणि प्रोग्रॅम मागून बघून लिहिला होता. रोबो रेघेपासून अगदी शिस्तीत लांब पळायचा. डावं-उजवं नेहमी रोबोच्या मागे उभं राहून ठरवा.

वायर लावून झाली की चिमटीत धरून हलकेच ओढायची. प्रत्येक. सुटणार असेल तर आत्ता सुटू दे. मग मल्टीमीटर बझरवर ठेवून या टोकापासून त्या टोकापर्यंत वाजवायची, आणि शेजारच्या वायरीबरोबर वाजत नाही ना तेही बघायचं. हे दुसरं कोणी करत नाही. दोन सिग्नल सोल्डरच्या केसाने चिकटले असतील तर हजेरीत ते जोडीने पडतात.

केबल चॅसीला दोन ठिकाणी टायने बांधा, पट्टीजवळ एक आणि आर्डुइनोजवळ एक. सांध्यावर ताण येता कामा नये. टाय आवळताना केबल चेपू नका, आमच्या चौथ्या वायरीचा खून तिथेच झाला होता. मोटरच्या वायरी दुसऱ्या बाजूने न्या. ओलांडायचंच असेल तर आडवं ओलांडा, बरोबरीने नेऊ नका.

आर्डुइनोवर जागा बघून घ्या. ऊनोला सहा अॅनालॉग पिना आहेत, पण जायरो (वळण मोजणारा सेन्सर) किंवा छोटा डिस्प्ले लावणार असाल तर तो ए४ आणि ए५ खातो. मग सेन्सरला चारच उरतात. अशा वेळी आर्डुइनो नॅनो बरा, त्याला ए६ आणि ए७ जास्तीच्या असतात.

ग्राउंड एकच, पण वाटा वेगळ्या

"ग्राउंड म्हणजे ग्राउंड, कुठेही जोडलं तरी तेच ना?" असं भाच्याने विचारलं. कागदावर तेच. तांब्यात नाही. समजा मोटरचा परतीचा करंट आणि सेन्सरचं ग्राउंड एकाच बारीक वायरीतून जातंय. त्या वायरीचा आणि तिच्या कनेक्शनचा रेझिस्टन्स मिळून ०.१ ओहम. मोटर वळणावर १ अँपिअर ओढते, वायरीवर ०.१ व्होल्ट पडतात. ऊनोच्या हिशोबात ते २० आकडे झाले. मोटर अडली आणि २ अँपिअर गेले तर ४०. सेन्सरने काहीच पाहिलं नाही, तरी पाचही आकडे एकदम उडाले. पाचही आकडे एकाच वेळी एकाच दिशेला हलले तर सेन्सरला दोष देऊ नका, ग्राउंड किंवा ५ व्होल्टची वायर बघा. पाच जण एकाच क्षणी एकत्र चुकत नाहीत.

म्हणून बॅटरीच्या मायनसजवळ एक जागा ठरवा. मोटर ड्रायव्हरचं (मोटरला करंट पुरवणाऱ्या बोर्डचं) ग्राउंड तिथे जाड वायरीने, आर्डुइनोचं ग्राउंड तिथे वेगळ्या वायरीने. सेन्सर पट्टीचं ग्राउंड आर्डुइनोला. मोटरचा करंट सेन्सरच्या अंगणातून जाऊ द्यायचा नाही.

बॅटरीचं आणखी एक. आम्ही १८६५० नंबरच्या दोन लिथियम-आयन सेल सिरीजमध्ये वापरतो, भरलेल्या असताना ८.४ व्होल्ट. ऊनोला जॅकमधून साधारण ७ व्होल्ट लागतात, त्याखाली त्याचे ५ व्होल्ट ५ राहत नाहीत. लॅपटॉपची वायर लावून सगळे आकडे ठरवले आणि बॅटरीवर रोबो सोडला, की आकडे सरकतात, कारण यूएसबीचे ५ आणि बॅटरीवरचे ५ नेमके सारखे नसतात. आकडे बॅटरीवरच ठरवा.

उन्हाची गोष्ट

ठाण्यातल्या एका कॉलेजात स्पर्धा होती. सकाळी सरावात रोबोने तिन्ही फेऱ्या विनातक्रार मारल्या. आमची पाळी आली दुपारी साडेतीनला. हॉलच्या पश्चिमेला मोठ्या खिडक्या, दिवाळीनंतरचं तिरकं ऊन थेट मैदानावर. रोबो उन्हाच्या पट्ट्यात शिरला आणि रेघ सोडून खिडकीच्या उलट्या बाजूला गेला. दोन्ही प्रयत्नांत तसंच. घरी येताना लोकलमध्ये कोणी बोललं नाही.

नंतर गॅलरीत उन्हात ठेवून मोजलं. टेपवर सावलीत ७१० येत होते, तिथे उन्हात १९०. उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतं, आणि काळं भिंग फक्त दिसणारा उजेड अडवतं, इन्फ्रारेड नाही. सेन्सरला आपल्या एलईडीचा प्रकाश कुठला आणि सूर्याचा कुठला हे कळायला मार्ग नाही. पिवळे हॅलोजन दिवेही असाच त्रास देतात. एलईडी ट्यूबमध्ये इन्फ्रारेड फारसं नसतं, ती निरुपद्रवी.

पहिला उपाय झालर. पट्टीच्या चारही बाजूंनी, जमिनीपासून मिलिमीटरभर वर राहील अशी. आम्ही आधी काळा चार्ट पेपर लावला. मग मी तो सेन्सरसमोर धरून बघितला, तर आकडा चक्क पडला. डोळ्यांना काळा दिसणारा तो कागद इन्फ्रारेडला पांढरा होता! शेवटी पुठ्ठा कापला आणि आतून इन्सुलेशन टेप चिकटवली. झालर लावल्यावर उन्हात टेपवर ६४० आले.

हा काळ्याचा घोळ नीट समजून घ्या. इन्फ्रारेडमध्ये कशाला काळं म्हणायचं ते त्यातल्या रंगद्रव्यावर ठरतं. कार्बनवाला काळा रंग इन्फ्रारेडही गिळतो. बऱ्याचशा स्केचपेनच्या शाया आणि कापडांचे काळे रंग गिळत नाहीत. एका मुलाची काळी शाळेची बॅग आमच्या सेन्सरला कार्डशीटइतकीच पांढरी दिसते. टेप संपली म्हणून एकदा मुलांनी रेघेतली दोन इंच जागा मार्करने भरली होती, रोबो तिथे दर वेळी हरवायचा. स्पर्धेची मैदानं फ्लेक्सवर छापलेली असतात. काळ्या शाईत कार्बन असेल तर प्रश्न नाही, पण निळा-लाल-पिवळा मिसळून काळं केलेलं असेल तर सेन्सर त्याच्या आरपार पांढरं बघतो. म्हणून सरावाच्या वेळी रोबो पळवायच्या आधी हातात धरून रेघेवर ठेवा आणि आकडा बघा.

दुसरा उपाय म्हणजे ती आठवी वायर. पाचही एलईडींचे मायनस पाय थेट ग्राउंडला न लावता एका २एन२२२२ ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला जोडा, एमिटर ग्राउंडला, बेसला १ के रेझिस्टर लावून डी७ पिनेची वायर. पिनेवरून थेट एलईडी चालवू नका, पाच मिळून ८५ मिलिअँपिअर होतात आणि ऊनोच्या एका पिनेने २० च्या पुढे जाऊ नये. आता एलईडी लावायचे, ३०० मायक्रोसेकंद थांबायचं, पाचही वाचायचे. एलईडी विझवायचे, पुन्हा तेवढंच थांबायचं, पुन्हा पाचही वाचायचे. विझलेल्या आकड्यातून लागलेला आकडा वजा केला की उरतो तो फक्त आपल्या प्रकाशाचा हिशोब, आणि तो सुलटा : पांढऱ्यावर मोठा, काळ्यावर लहान. एका वाचनाला साधारण १०० मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे सगळं मिळून दोन मिलिसेकंदांच्या आत उरकतं.

पण झालरीऐवजी ही युक्ती असं समजू नका. ऊन थेट आत आलं तर फोटोट्रान्झिस्टर पूर्ण वाहायला लागतो, एलईडी लागो की विझो, आकडा तळाला चिकटलेला. वजा करायला काही उरतच नाही. आधी झालर, मग वजाबाकी. तरीही आकडा तळाला जात असेल तर १० के काढून ४.७ के लावा.

सुरुवातीच्या रेघेवर

प्रोग्रॅमचं काम मुलांचं, तरी एवढं त्यांच्याकडून करून घ्या. बटण दाबल्यावर पहिली चार-पाच सेकंद रोबो हाताने रेघेवरून डावीकडे-उजवीकडे फिरवायचा, आणि त्या वेळात प्रत्येक सेन्सरने आपला सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा लक्षात ठेवायचा. पाच सेन्सर कधीच सारखे नसतात, एकाच पाकिटातले असले तरी. प्रत्येकाचं शून्य ते हजार असं स्वतःचं माप केलं की मग तुलना न्यायाची होते. हे घरी करून आणलेलं चालत नाही, त्या मैदानावर, त्या उजेडात करायचं.

डब्यात काय काय : तयार केलेली दुसरी पट्टी (रिलिमेटमुळे ती अर्ध्या मिनिटात बदलते), काळी टेप, पुठ्ठा, मल्टीमीटर, आणि मल्टीमीटरची बॅटरी चालू आहे ना ते बघून. सोल्डरिंग आयर्न नेलं तर एक्स्टेंशन बोर्डही न्या, कॉलेजांत प्लग नेहमी भिंतीच्या त्या टोकाला असतो.

पुढच्या स्पर्धेला, वाशीला, आमची मुलं रांगेत उभी असताना रोबो उलटा धरून एकेका सेन्सरखालून बोट फिरवत होती. "एक." "हजर." "दोन." "हजर." पंचांनी विचारलं, हे काय चाललंय? ती मघाचीच मुलगी म्हणाली, "सर, प्रॉक्सी पकडतोय." आणि चौथ्यावर बोट दोनदा फिरवलं.